दाजींचा दीडपट हिशेब

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी जसा ब्रेक असतो, तसाच दुसरा ब्रेक शेजारच्या सीटपुढे, दाजींच्या पायाशीही आहे. शिकणारा घाबरला, चुकला, किंवा ऐन चौकात त्याला शिंक आली, की दाजींचा उजवा पाय खाली जातो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे तो पाय आता दाजींच्या ताब्यात राहिलेला नाही. बसमध्ये बसले तरी तो दाबतो. सिनेमात एखादी गाडी वेगात वळली तरी दाबतो. आणि ताई दुकानात एखादी वस्तू हातात घेऊन "घेऊया का ही?" म्हणाली, की दाजी तोंडानं "घे की" म्हणतात आणि खाली पाय फरशीवर घट्ट रुतलेला असतो. त्यामुळे ताई अशा वेळी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, बुटाकडे बघते.

माणूस सोन्यासारखा आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे मी त्यांच्या नावानं बरीच बोटं मोडणार आहे, आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

लहानपणी दाजी एका गॅरेजमध्ये गाड्या पुसायचे. तिथून ड्रायव्हिंग स्कूलच्या म्हाताऱ्या मालकांनी त्यांना उचललं, शिकवलं, आणि स्वतःचे गुडघे बोलायला लागल्यावर गाडीही हप्त्यानं त्यांच्याच हवाली केली. जाताना मालकांनी एक नियम दिला, तो दाजींनी देवाचा शब्द मानला. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं? जेवढं पुरेल असं वाटतं, त्याच्या दीडपट. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी दाजी हेच ऐकवतात, मग तो कॉलेजातला पोरगा असो नाहीतर नातवंडं झालेल्या बाई असोत. आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या हाताखाली शिकलेलं माणूस कुणाला जाऊन धडकल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. रस्त्यात लोक थांबून त्यांना नमस्कार करतात. भाजीवाली, शाळेतल्या बाई, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे त्यांचे विद्यार्थी. त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरून दूध आणायला गेलं तरी मिरवणुकीतून चालल्यासारखं वाटतं.

अडचण एवढीच, की तो नियम एके दिवशी गाडीतून उतरला आणि दाजींच्या मागोमाग जिना चढून घरी आला. स्टेशनला पोचायला तास लागत असेल तर निघायचं दीड तास आधी. चार पाहुणे येणार असतील तर खुर्च्या सहा. ताईनं पडद्यांचं माप काढून दिलं होतं, पण कापड आणायला दाजी गेले. त्यामुळे त्यांच्या घरातले पडदे जमिनीवर लोळतात आणि ताई रोज झाडताना ते झाडूनं पुढे ढकलते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात. दाजी अंथरूण पाहून पाय पोटाशी घेतात, आणि वर सांगतात की अजून जरा जागा राहिली आहे. मी तर त्यांना तोंडावर म्हणते, "लोकांचं तोंड दुधानं पोळतं म्हणून ते ताक फुंकून पितात. तुम्ही दूध न चाखताच डायरेक्ट ताकापासून सुरुवात केलीत."

"मेव्हणीबाई," दाजी म्हणतात, "म्हणूनच माझं तोंड शाबूत आहे."



ताई त्यांच्याकडे गाडी शिकायलाच गेली होती. आमच्या घरी आल्यावर ती तणतणायची, की तो माणूस मला चालवूच देत नाही, मी पाय हलवायच्या आधी त्याचा हलतो. शेवटी एक दिवस तिनं भर रस्त्यात गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "तुम्ही पाय मागे घ्या, नाहीतर मी उतरून चालत घरी जाते." दाजींनी पाय मागे घेतला. पुढे काय झालं ते उघडच आहे. लग्नाच्या दिवशी नवरदेव इतके लवकर आले की हॉलचं दार उघडायला कुणी नव्हतं, आणि आम्ही पोचलो तेव्हा ते पायरीवर बसून वॉचमनला क्लच समजावून सांगत होते.

आता ताईचं. ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकानाच्या मागच्या बाजूला काचेचं पार्टिशन आहे, त्यामागे तिचं टेबल, घासायचं यंत्र आणि पाण्याची बारीक धार. काच घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायची. डोळे तपासायला आठवड्यातून दोनदा बाहेरून माणूस येतो. बाकीचे दिवस गिऱ्हाइकं "नंतर या" ऐकून परत जातात. पार्टिशनमागे बसून ताई हे वर्षानुवर्षं बघत होती, आणि या वर्षी तिनं कुणालाही न सांगता डोळे तपासायच्या कोर्सची परीक्षा दिली. पास झाली. जागा मिळाली. तिचे मालक म्हणाले, "शिकून या, पुढची तपासणीची खोली तुमची. माणूस बाहेरून बोलवायचं मीही बंद करतो."

इतकं सगळं जुळून आलं होतं. फक्त कोर्स एक वर्षाचा होता, तोही दिवसभराचा. म्हणजे वर्षभर ताईचा पगार बंद, आणि वर फी. पहिला हप्ता महिनाअखेरीपर्यंत भरायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

तेव्हा प्रश्न असा, की वर्षभर घर एकट्या दाजींच्या कमाईवर चालेल का? त्याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या घराचा हिशेब आजवर दाजींच्या डोक्यात असायचा आणि त्या डोक्याची किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती. ताई आपला पगार घरात आणून द्यायची आणि जमेल का, एवढंच विचारायची. दाजी मान हलवायचे, इकडून तिकडे किंवा वरून खाली. या वेळी तिनं विचारलं तेव्हा ते भिंतीकडे बघत म्हणाले, "अवघड वाटतंय."

"डोक्यात कशाला करता?" त्यांची मुलगी म्हणाली. "ॲप असतात ना. ती सांगतात वर्षभर पैसे पुरतील की नाही." ही माझी भाची शाळेत जाते, पण बोलते अशी की जणू आत्ताच नोकरीतून निवृत्त होऊन आली आहे. म्हणून घरात तिला सगळे पेन्शनर म्हणतात.

ॲप निवडायचं काम माझ्यावर आलं. मी प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात असते, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, एवढ्यावर मी तज्ज्ञ ठरले. वासरात लंगडी गाय शहाणी. पण मला हे काम आवडलं, हेही खरं. चार दिवस मी लोकांचे अनुभव वाचले, कुठलं फुकट, कुठलं विकत, कुठल्यात जाहिराती, आणि रविवारी दुपारी पहिलं ॲप घेऊन ताईच्या घरी हजर झाले. जेवणाच्या टेबलावर मेणकापड, त्यावर चहाचे कप, बिस्किटांचा पुडा आणि मध्ये दाजींचा फोन, ऑपरेशनला घेतल्यासारखा.

"हे काय विचारतंय?" दाजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"बँकेचं खातं जोडू का, असं विचारतंय."

"म्हणजे काय होणार?"

"कुठे किती खर्च झाला ते त्याला आपोआप दिसणार. आपण काही लिहायचं नाही. सगळ्यात सोपं हेच आहे दाजी, लोक याचीच तारीफ करतात."

"मेव्हणीबाई, पहिल्याच दिवशी मी कुणाच्या हातात किल्ली देतो का?"

"अहो, तो काही शिकायला आलेला पोरगा नाही. सॉफ्टवेअर आहे ते."

"मग तर नाहीच. पोरगा निदान घाबरतो तरी."

पहिलं ॲप असं दारातूनच परत गेलं. मी मनातल्या मनात चरफडले आणि दुसरं काढलं. यात खातं जोडायचं नव्हतं, सगळं हातानं भरायचं. पडद्यावर पाकिटं दिसायची. किराणा, वीज, शाळा, औषधं, गाडीचं तेलपाणी. महिन्याच्या सुरुवातीला पैसे पाकिटांत वाटून टाकायचे आणि खर्च झाला की त्या त्या पाकिटातून वजा करायचे. हे दाजींना पसंत पडलं. "हे बरं आहे," ते म्हणाले, "याला आपण सांगू तेवढंच कळतं."

मी भरून देते म्हटलं तर ऐकायला तयार नाहीत. "घर माझं, मी भरतो." संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी उतरवून आले की हातपाय धुऊन ते टेबलापाशी बसायचे. बिस्किटांच्या जुन्या डब्यात गेल्या काही महिन्यांची बिलं होती, ती एकेक उलगडून, एका बोटानं, जीभ दातांत धरून भरायचे. मध्येच पेन्शनरला हाक मारायचे, "अगं, हे टिंब कुठे आहे?" मला तर त्यांचं कौतुकच वाटलं. या वयात माणूस नवीन काही शिकतोय, तेही बायकोच्या शिक्षणासाठी, असं मी ऑफिसात चार जणांना सांगितलंसुद्धा.

सगळं भरून झाल्यावर मी ताईचा पगार बाजूला काढला, फी घातली आणि पुढच्या वर्षाचा अंदाज दाखव म्हणून बटण दाबलं. हिरवी पाकिटं एकामागून एक पिवळी झाली. सातव्या महिन्यात सगळी लाल. घरात पैसा नाही.

ताई उठली. तिनं कप उचलले.

मी मात्र चिडले. म्हटलं ॲपच बेकार आहे, पाकिटंबिकिटं पोरखेळ, याला वर्षाचा अंदाज काय जमणार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण मला तेव्हा खरोखरच अंगण वाकडं दिसत होतं. दोघं कमावणारी, एकच मूल, कसलं व्यसन नाही, पडदे सोडले तर कसली उधळपट्टी नाही. सातव्या महिन्यात दिवाळं निघेलच कसं?

तिसरं ॲप मी पैसे भरून घेतलं, माझ्या खिशातून. हे खास नवराबायकोसाठी होतं. दोघांच्या फोनवर एकच हिशेब, रंगीत चक्र, आणि अंगात उपदेशाची भारी खोड. दाजींनी रोजच्या दुधाची नोंद केली, की पार्टिशनमागे ताईचा फोन किणकिणायचा आणि तिथे रडकं तोंड उमटायचं, "या आठवड्यात दुधावर जरा जास्तच खर्च झाला, नाही का?" एकदा गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना हे झालं. गिऱ्हाईक म्हणालं, "सासूबाई का?"

पण हसून झालं तरी अंदाज तोच. आठवड्याभराच्या मेहनतीनंतर तेच सांगणं, सातव्या महिन्यात घर आपटणार.

"सातव्या महिन्यात असं आहे तरी काय?" पेन्शनर म्हणाली. "पाहुणे येणार आहेत का?"

"खात्यात तर बरे पैसे दिसतात, अहो," ताई दाजींना म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं, नुसता प्रश्न होता.

"ते दिसतात," दाजी म्हणाले. "ते आपले नाहीत. पुढच्या बिलांचे आहेत."

ताईनं मान हलवली. मग टेबलावरचं मेणकापड पुसायला घेतलं, आधीच स्वच्छ होतं ते. "जाऊ दे," ती म्हणाली. "दोनदोनदा बघून झालं. सोमवारी फोन करून सांगते, जागा सोडते म्हणून. उगीच कुणाची तरी अडवून ठेवायची."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. कुणावर यावा ते कळेना, म्हणून सगळ्यांवर आला. ॲपवर, कोर्सवाल्यांवर, ताईच्या त्या शहाण्यासारख्या "जाऊ दे"वर. आमची ताई लहानपणापासून हेच म्हणत आली आहे. मोठा तुकडा मला द्यायचा आणि म्हणायचं, जाऊ दे, मला भूक नाही. भूक असायची. मला तेव्हाही ते कळत होतं आणि मी तो तुकडा खात होते.

शनिवारी मी पुन्हा तिच्याकडे गेले, ते त्या तिसऱ्या ॲपचे पैसे परत मिळतात का बघायला. ताई स्वयंपाकघरात होती. दाजी खिडकीत बसून विद्यार्थ्यांचे अर्ज लावत होते, पेन्शनर जमिनीवर पसरून चित्र रंगवत होती. मी दाजींचा फोन घेतला आणि नोंदी खालीवर करत बसले. त्यात किटली दिसली.

आता या किटलीबद्दल सांगायला हवं. पाणी गरम करायची विजेची किटली. त्याच महिन्यात ताईची आणि माझी अशा दोन्ही किटल्या पाठोपाठ बंद पडल्या, तेव्हा दाजींनी त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या दुकानातून दोन आणल्या. रंगसुद्धा एकच. माझ्या किटलीचे पैसे मी त्यांना पावती बघून दिले होते, त्यामुळे आकडा पक्का लक्षात होता. आणि इथे त्यांच्या किटलीपुढे भलताच आकडा होता.

"दाजी, तुमची किटली आणि माझी किटली एकच ना?"

"एकच. का? गळते का?"

"किंमत एकच ना?"

"हो तर. त्यानं दोन्हींवर सूट दिली."

"मग तुमची इथे एवढी महाग कशी?"

दाजी उठून आले, वाकून बघितलं. "बरोबर आहे की," ते म्हणाले. "दीडपट धरलीय."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण दाजींचा चेहरा अगदी सरळ होता. "दीडपट का?"

"का म्हणजे? धरायला नको?"

"दाजी, सगळंच असं धरलंय?"

"सगळंच."

"दूध?"

"वाढतात की दुधाचे भाव."

"वीज?"

"उन्हाळा आहे पुढे."

"शाळेची फी? अहो, ती तर छापलेली असते!"

"नवीन छापली तर?"

पेन्शनरनं रंगवणं थांबवलं होतं. मी शेवटचं विचारलं, खरं तर विचारायची हिंमत होत नव्हती. "आणि तुमची कमाई? तीही दीडपट?"

"छे छे," दाजी दुखावल्यासारखे म्हणाले. "ती कमी धरलीय. परीक्षा आल्या की पोरं येत नाहीत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन अंगणं वाकडी ठरवून झाली होती, खिशातले पैसे गेले होते, ऑफिसात कौतुकं करून झाली होती, आणि कळसा इथे खिडकीत बसून अर्ज लावत होता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी काहीतरी फेकून मारावंसंही वाटत होतं. "हे खोटं आहे, दाजी!"

"खोटं कुठे? जास्त आहे. जास्त धरणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. ताई हात पुसत उभी होती. तिनं कुठपासून ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण पुरेसं ऐकलं होतं.

"मैत्रिणी समुद्रावर निघाल्या होत्या," ती म्हणाली, "मी नाही गेले. तुम्ही म्हणालात, अवघड वाटतंय. तेव्हाही असंच धरलं होतंत?"

दाजींनी हातातल्या अर्जांच्या कडा जुळवायला घेतल्या.

"मला हो किंवा नाही सांगा."

"धरलं असेल," दाजी म्हणाले. "मी तसंच धरतो."

मी पेन्शनरला डोळ्यांनी खुणावलं, आत जा. ती काही उठली नाही. तिच्या जागी मीही उठले नसते.

ताई येऊन खुर्चीवर बसली. ती चिडली की तिचा आवाज खाली जातो, आणि आता तो अगदी खाली गेला होता. "मी शिकायला जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला? वाटत असेल तर तसं म्हणा. मी ऐकून घेईन. पण म्हणा."

"तसं नाही गं." दाजींनी हातातले अर्ज खाली ठेवले, ते घसरून पडले, ते उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. तिथूनच बोलले. "तू जावंस असंच वाटतं. तू शिकशील, त्याबद्दल मला शंकाच नाही. तुझी खात्री आहे मला. माझी नाही."

"म्हणजे?"

"तुझा पगार महिन्याला येतो. ठरलेला. माझं काय, चार पोरं आली नाहीत की हात रिकामे. इतकी वर्षं मला रात्री झोप लागते ती तुझ्या पगारामुळे." ते सरळ झाले. चेहरा लाल झाला होता. "एकट्याच्या जिवावर घर चालवायचं म्हटलं की मला भीती वाटते. लाज वाटते सांगायला. पण वाटते."

मला एकदम त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मघाचा राग ठेवायला जागा मिळेना. जगाला धीर देऊन रस्त्यावर सोडणारा हा माणूस, सगळं गाव त्याला नमस्कार करतं, आणि घरात तो बायकोच्या पगाराच्या आडोशाला उभा होता.

"मग हे तोंडानं सांगायचं होतंत," ताई म्हणाली. "किटलीच्या किमतीत कशाला घालून सांगायचं?"

दाजींना हसू फुटलं, मग तिलाही, पण तिचे डोळे भरलेले होते.

"काढ गं ते पहिलं," ती मला म्हणाली.

मी पहिलं ॲप पुन्हा उतरवून घेतलं. दाजींनी फोन माझ्या हातून घेतला, आमच्याकडे पाठ केली आणि कपडे बदलत असल्यासारखे भिंतीकडे तोंड करून बँकेचा पासवर्ड घातला. मग फोन टेबलावर ठेवला. एक गोल चक्र बराच वेळ फिरत होतं. गेल्या वर्षभराचं घर त्यात एकेक करून उतरत होतं, ज्या त्या किमतीला. दूध दुधाच्या भावानं आणि किटली माझ्याइतकीच. आणि दाजींची कमाई. ती त्यांनी भरली होती त्याहून चांगली होती, परीक्षांच्या महिन्यांतसुद्धा.

मी ताईचा पगार बाजूला काढला, फी घातली, बटण दाबलं.

रेघ उतरत गेली. सातवा महिना आला आणि आरामात गेला. आठवा, नववा. पेन्शनर टेबलावर कोपरं टेकवून मोठ्यानं महिने वाचत होती. दहावा गेला, अकरावा गेला. आणि बाराव्या महिन्यात ती हिरवी रेघ जरा वाकली आणि लाल झाली. फार नाही, नखाएवढी. पण लाल.

मला रडूच कोसळणार होतं. सगळं खरं खरं मांडलं, माणसानं मन उघडं केलं, आणि तरीही शेवटी हे. "तेवढे मी देईन," मी म्हटलं. ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

"बघा," ताई दाजींना म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता कसलाच राग नव्हता. "नाहीच पुरत. तुमची भीती काही अगदीच उगीच नव्हती. जाऊ दे."

दाजी त्या लाल टोकाकडे बघत होते. त्यांना मी ओळखते. दीडपटीनं त्याचं काय होतं ते त्यांच्या डोक्यात एव्हाना झालेलं असणार, आणि ते मोठं भयंकर असणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रेघ तिथेच होती.

"फी भर," ते म्हणाले.

"आणि शेवटचा महिना?"

"मग बघू."

ताईचा हात मेणकापडावर होता तो तिथेच राहिला. मी आणि पेन्शनरनं एकमेकींकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे दोन शब्द आम्ही या माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"काय म्हणालात?" ताईनं विचारलं.

"मग बघू म्हटलं. आत्ता भर. माझ्यासमोर भर."

ताईनं आपला फोन घेतला. घाईत आकडा दोनदा चुकला. दाजी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून, पाय खुर्चीखाली मागे घेऊन. तिसऱ्यांदा तिनं बरोबर आकडा घातला आणि बटण दाबलं.

"गेले का पैसे?" दाजींनी विचारलं.

"गेले."

"बरं झालं," दाजी म्हणाले.